एका पेपर कटिंगवर अनेक टॉप: होजिअरीबद्दलच्या समजुतींचा प्रतिवाद

होजिअरीचा, म्हणजे टी-शर्टच्या कापडाचा टॉप गावच्या शिवणकामात बसत नाही, ही समजूत मराठवाड्यात इतकी पक्की आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. तिच्या जोडीने आणखी एक समजूत चालते: टॉपचा प्रकार बदलला की ड्राफ्टिंग नव्याने करायचे, पेपर कटिंगही नवे काढायचे. पहिली समजूत हे काम कारखान्याकडे ढकलते, दुसरी ते शिकणाऱ्या बाईच्या मनात धास्ती घालते. दोन्ही चुकीच्या आहेत. मापाला नीट बसणारे एक साधे पेपर कटिंग हाताशी असेल तर त्यावरून गोल गळ्याचा टॉप, रॅगलन बाहीचा, घेरदार, पुढून उघडा, अंगावर पाजणाऱ्या आईसाठीचा असे अनेक टॉप निघतात, आणि त्यांतले बहुतेक साध्या पायमशीनवर शिवता येतात.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावात हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. सहस्रकुंड धबधब्याच्या शेजारचा हा पट्टा कापसाचा. इथला कापूस गाडीत भरून जिनिंगला जातो आणि बाजारात टी-शर्टचा ढीग तिरुपूरसारख्या दूरच्या गावांतून येतो. गावात शिवणकाम करणाऱ्या बाया ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस, गणवेश शिवतात. होजिअरीचे कापड कोणी आणले तर सहसा उत्तर मिळते की यासाठी ओव्हरलॉक लागते. हे उत्तर प्रामाणिकपणे दिलेले असते, कारण शिवणवर्गात तेच कानावर पडलेले असते. झबले, परकर, ब्लाउज, सलवार-कुर्ता या क्रमाने जाणाऱ्या शिक्षणात विणीच्या कापडाची पाळी बहुधा येतच नाही.

आधी दुसरी समजूत पाहू, कारण तिचे खंडन शिवणाऱ्या बाईच्या रोजच्या कामातच आहे. गिऱ्हाईक ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा सोबत मापाचा ब्लाउज देते. त्या एका मापावरून मटका गळा, पानगळा, बोटनेक, मागे नाडी, पुढे हूक, कटोरी असे सगळे प्रकार शिवून दिले जातात. छाती, तीरा, मुंढा आणि उंची तीच राहते. बदलतो तो गळा, उघडणारी बाजू आणि बाही. गळा बदलला म्हणून कोणी छातीचे माप पुन्हा घेत नाही. म्हणजे अंगाला बसण्याचे काम एकदा करायचे आणि नमुन्याचे काम त्यावर पुन्हा पुन्हा करायचे, ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. ब्लाउजला जे मान्य आहे ते टी-शर्टच्या कापडाला अमान्य ठरवण्याचे कारण कोणी सांगत नाही. उलट होजिअरीत हे काम सोपे होते. ब्लाउजला टक्स लागतात, कारण विणकामाच्या मागावरचे कापड ताणत नाही आणि छातीच्या उभाराला त्याला मुरड घालून बसवावे लागते. होजिअरी सुईवर फासे घालून विणलेली असते. फासा आडवा ओढला की पसरतो आणि सोडला की मिटतो. टक्सचे बरेचसे काम तो फासाच करतो.

मात्र इथे एक अट आहे, आणि ती न पाळल्यामुळेच होजिअरीची बदनामी झाली आहे. पंजाबी ड्रेसचे कटिंग जसेच्या तसे टी-शर्टच्या कापडावर ठेवून चालत नाही. छाती ३६ इंच असेल तर साध्या सुती कुर्त्याला हालचालीसाठी सुमारे ४ इंच ढिलाई धरतात, म्हणजे पाव भाग १० इंचांचा होतो. हेच कटिंग होजिअरीवर लावले तर टॉप खांद्यावरून ओघळतो, मुंढ्याखाली झोळ पडतो आणि दोष कापडाला दिला जातो. होजिअरीला ढिलाई १ ते २ इंच पुरते, म्हणजे पाव भाग सव्वानऊ ते साडेनऊ. अंगाबरोबर बसणारा टॉप हवा असेल तर ढिलाई शून्य, कापड चांगले ताणत असेल तर अंगाच्या मापापेक्षाही इंचभर कमी. मुंढ्याची खोली कुर्त्यापेक्षा थोडी कमी, ३६ छातीला साडेसात इंचांच्या आसपास. बाहीची वरची गोलाई कमी उंचीची आणि मुंढ्याच्या लांबीएवढीच. तिला चुण्या द्यायच्या नाहीत. अशी बाही तीरा जोडल्यावर सपाट बसवता येते आणि नंतर बाहीची खालची बाजू व टॉपची कड एकाच शिवणीत पुरी होते. ब्लाउजची गोल बाही बसवताना घामाघूम होणाऱ्या शिकाऊ मुलीला हा भाग दिलासा देणारा आहे.

कापड किती ताणते हे डोळ्यांनी ठरवायचे नसते. कापडाची आडवी घडी घालून १० सेंटीमीटरवर दोन खुणा करायच्या, घडी मोजपट्टीवर धरून जोर न लावता ताणायची. खूण १३ वर गेली तर ताण ३० टक्के, १५ वर गेली तर ५० टक्के. सोडल्यावर खूण पुन्हा १० वर यायला हवी. ११ वरच थांबली तर त्या कापडाचा टॉप दुपारपर्यंत कोपराशी आणि पोटाशी फुगणार. बाजारात ज्याला सिंकर म्हणतात ते पातळ टी-शर्टचे कापड, दोन्हीकडून सारखे दिसणारे इंटरलॉक, गळ्याला-मनगटाला लावायचे रिब आणि लायक्रा मिसळलेले कापड यांचा ताण वेगवेगळा असतो. एकच कटिंग पुरते हे विधान खरे राहायचे तर ही मोजणी प्रत्येक कापडावर करावी लागते. कटिंग तेच राहते आणि कडेची शिवण पाव-अर्धा इंच आत किंवा बाहेर सरकते. कटिंगची पहिली परीक्षा मांजरपाटावर घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण मांजरपाट ताणतच नाही. घरातला जुना टी-शर्ट उसवून त्यावर परीक्षा घ्यावी.

आता गळा. होजिअरीच्या टॉपबद्दलच्या तक्रारी बहुतेक इथूनच निघतात: गळा डोक्यातून जात नाही, किंवा जातो आणि मग लोंबतो. दोन्हींचे कारण मशीन नसून हिशेब आहे. अर्धी रुंदी ३ इंच, पुढची खोली ३ इंच आणि मागची १ इंच धरली तर गळ्याचा पूर्ण घेर सुमारे १६ इंच भरतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर २२ इंचांच्या आसपास असतो. तेव्हा हा गळा निदान ३८ टक्के ताणला तरच डोके आत जाणार. गळ्याची पट्टी गळ्यापेक्षा आखूड कापतात, म्हणजे ती अंगाला चिकटून बसते; रिबची पट्टी साधारण ८० ते ८५ टक्के ठेवतात, म्हणजे १३ ते साडेतेरा इंच. तिला २२ पर्यंत जायला ६० टक्क्यांहून अधिक ताण लागतो. रिब तेवढे ताणते, सिंकर ताणत नाही. ज्या दुकानात रिब मिळत नाही तिथे टॉपच्याच कापडाची पट्टी लावावी लागते आणि तिचा ताण ३० टक्केच असेल तर गळा मुळातच मोठा काढायला हवा. गळ्याचा घेर २० इंच, पट्टी त्याच्या ८८ टक्के, म्हणजे साडेसतरा. ती ताणून पावणेतेवीस होते आणि डोके सहज जाते. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे आणि सातवी शिकलेली कोणतीही मुलगी तो करू शकते. पट्टीही तिरक्या उरेबात कापायची गरज नाही. उरेब हा न ताणणाऱ्या कापडाला ताण देण्याचा उपाय आहे. होजिअरीत आडवी पट्टी आपसूकच ताणते, आणि उरेबात वाया जाणारे कापड वाचते.

एवढे मूळ कटिंग जमले की पुढचे प्रकार त्याच्या नकलेवर रेघा मारून निघतात. मूळ कागदाला कात्री लावायची नाही, हा एकच नियम पाळायचा. बोटनेकसाठी गळा तीऱ्यावर दीड-दोन इंच बाहेर सरकवायचा आणि पुढची खोली तेवढीच वर घ्यायची. रॅगलनसाठी गळ्यावर तीऱ्यापासून इंचभर खाली खूण करून तिथून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत किंचित बाकदार रेघ काढायची. रेघेच्या वरचा तुकडा कापून बाहीच्या गोलाईला जोडला की पुढचा अर्धा भाग झाला, मागचाही तसाच. खेळाच्या टी-शर्टला ही बाही बरी, कारण तिला खांद्यावरची शिवण नसते आणि हात वर नेताना ओढत नाही. खांद्यापासून बाही सलग हवी असेल तर बाहीचे कटिंग तीऱ्याच्या रेषेला टेकवून काखेखाली मोठी गोलाई काढायची; झबले शिवलेल्या बाईला हा आकार नवा नाही.

घेर हवा असेल तर मुंढ्याच्या तळापासून खालच्या कडेपर्यंतची रेघ दोन इंच बाहेर काढली की थोडा घेर मिळतो. अधिक हवा असेल तर कागद खालून वर चिरत न्यायचा, मुंढ्यापाशी तुटू द्यायचा नाही, आणि चिरलेल्या जागा पसरायच्या. छातीखाली आडवे कापून खालच्या भागाला चुण्या दिल्या तर पोटावर सैल बसणारा टॉप होतो, जो गरोदरपणी आणि नंतरही चालतो. उंची गुडघ्यापर्यंत वाढवून कडेला ओपन ठेवले की कुर्ती झाली. त्यात एवढेच लक्षात ठेवायचे की सीटचे माप छातीपेक्षा मोठे असेल तर कडेची रेघ कमरेखाली बाहेर जायला हवी, नाहीतर कुर्ती वर चढत राहते. पुढून उघडा टॉप म्हणजे पुढचा भाग मधोमध उभा चिरून कडांना पट्टी लावणे. ही पट्टी मात्र कापडाच्या उभ्या बाजूने कापावी, कारण आडवी पट्टी ताणून कडा लाटांसारख्या होतात.

यांतला अंगावर पाजणाऱ्या आईचा टॉप थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. शेतात जाणारी, दवाखान्यात रांगेत बसणारी, बसने माहेरी जाणारी बाळंतीण साडी नेसत नसेल तर तिच्याकडे सोयीचे कपडे फार थोडे असतात, आणि तयार मिळणारे शहरातल्या दुकानांत महाग असतात. साध्या कटिंगवरून तो असा निघतो: पुढच्या भागाच्या दोन नकला काढायच्या. एक पूर्ण उंचीची, तिच्यात छातीच्या दोन्ही अंगांना काखेच्या बाजूने खोल गोलाई कापायची. दुसरी फक्त तीऱ्यापासून छातीखाली दोन-तीन इंचांपर्यंत, खालून दुमडून पुरी केलेली. दुसरी पहिलीवर ठेवून तीरा, मुंढा, गळा आणि काखेखालच्या कडा एकत्र शिवायच्या. खालची कड मोकळी राहते. वरचा पदर उचलला की बाळ पिते, सोडला की अंग झाकले जाते. कारखान्यात हा टॉप ठरावीक साइजमध्ये निघतो; गावची शिवणारी तो त्या बाईच्या तेव्हाच्या मापाचा करून देऊ शकते, आणि बाळंतपणानंतर माप महिन्यामहिन्याला बदलत असताना तेच महत्त्वाचे असते.

आता पहिली समजूत: ओव्हरलॉकवाचून होजिअरी शिवता येत नाही. ओव्हरलॉक दोन कामे करते. एक, कडेचे धागे निसटू नयेत म्हणून त्यांना गुंडाळते. दोन, ताणणारी शिवण घालते. पहिल्या कामाची होजिअरीला गरजच नाही. मागावरच्या कापडाचे आडवे-उभे धागे कापलेल्या कडेतून सुटतात, फाशांचे कापड तसे सुटत नाही. त्याची कड फार तर गुंडाळी होते. दुसरे काम मात्र खरे आहे. साधा सरळ टाका ताण आल्यावर तटकन तुटतो, आणि होजिअरी शिवून पाहिलेल्या पुष्कळ बायांनी याच अनुभवावरून हात आखडता घेतला आहे. पण त्यावर उपाय आहेत आणि ते कोणत्याही बाजारपेठेत मिळतात.

साडीला पिको-फॉल करणारे मशीन तालुक्यातल्या आणि आठवडी बाजाराच्या गावांत असतेच. पिको मशीन हे वाकडा टाका घालणारे झिगझॅग मशीन आहे. टाक्याची रुंदी अगदी कमी, एक मिलीमीटरच्या आसपास, आणि लांबी अडीच मिलीमीटर ठेवली की तीच शिवण होजिअरीबरोबर ताणते. साडीच्या कडेसाठी जे यंत्र रोज चालते त्यावर टी-शर्टची कड शिवता येत नाही असे म्हणणे म्हणजे हातातल्या साधनाचा निम्मा उपयोग नाकारणे आहे. पिकोही नसेल तर काळ्या पायमशीनवर काम भागते. दोरा सुती रिळाचा न घेता पॉलिस्टरचा घ्यायचा, वरचे आणि बॉबिनचे टेन्शन थोडे सैल करायचे, पायाचा दाब कमी करायचा, टाका इंचाला १० ते १२ ठेवायचा आणि शिवताना कापड पुढून-मागून हलके ताणून धरायचे, म्हणजे शिवणीत ताणाला लागणारा दोरा शिल्लक राहतो. काखेखालच्या आणि कडेच्या शिवणी दुहेरी घालायच्या. सर्वांत महत्त्वाची सुई. टोकदार सुई फाशाचा धागा छेदते आणि दोन-चार धुण्यांनंतर शिवणीशेजारी बारीक भोके उमटतात; गोल टोकाची बॉलपॉइंट सुई धागा बाजूला सारून जाते. ११ नंबरची ही सुई घरगुती मशीनलाही बसते आणि तिच्यासाठी नवे मशीन घ्यावे लागत नाही. तीऱ्याच्या शिवणीत मात्र ताण नकोच असतो. तिथे अर्ध्या इंचाची सुती फीत शिवणीबरोबर घालायची, म्हणजे खांदा लोंबत नाही. खालची दुमड पिकोवर किंवा हाताने सैल टाक्यांनी घालावी. साध्या मशीनच्या सरळ टाक्याने घातलेली दुमड बसता-उठता तुटते, हे मान्य करायला हवे.

हे उपाय नवे नाहीत आणि तडजोडही नाहीत. अमेरिकेत १९६० च्या दशकात, घरगुती ओव्हरलॉक सर्वत्र पोचण्याआधी, ओरेगॉन राज्यातल्या ॲन पर्सन यांनी होजिअरीचे कपडे घरच्या साध्या मशीनवर शिवण्याचे वर्ग सुरू केले. त्यांतून ‘स्ट्रेच अँड स्यू’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे कागदी पॅटर्न देशभर पसरले. शिवताना कापड हलके ताणून धरणे, ही त्या पद्धतीतली मूळ युक्ती. त्याआधी, १९१६ च्या सुमारास, फ्रान्समध्ये गाब्रिएल शनेल यांनी पुरुषांच्या गंजीफ्रॉकसाठी वापरले जाणारे जर्सीचे कापड स्त्रियांच्या सभ्य पोशाखासाठी वापरले, आणि तोवर हलके समजले जाणारे ते कापड मानाचे झाले. होजिअरी गावच्या शिवणकामाच्या पलीकडची आहे ही समजूत त्या कापडाच्या स्वभावातून आलेली नाही. ते कापड कोणाच्या हाती सोपवले गेले, त्यातून ती आली आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आठवडी बाजारात तयार टी-शर्ट शंभर-दीडशे रुपयांत मिळत असताना शिवून कोण घेईल? एकसारख्या साध्या टी-शर्टच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. त्या स्पर्धेत गावच्या मशीनने उतरू नये. पण बाजारातला तो टी-शर्ट सगळ्यांना बसत नाही. ज्या बाईची छाती ४४ आणि खांदा १४ आहे, जिला पूर्ण बाही आणि मांडीपर्यंत उंची हवी आहे, जिचा एक हात वर जात नाही म्हणून पुढून उघडा टॉप हवा आहे, जी बाळंतीण आहे, ज्या मुलाला शाळेच्या रंगाचा टी-शर्ट हवा पण साइज संपला आहे, त्यांच्यासाठी ढिगात काही नसते. शिवणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक हे आहे, आणि त्यांची संख्या कमी नाही.

कापडाचा हिशेबही वाटतो तितका कठीण नाही. घाऊक बाजारात होजिअरी किलोवर विकली जाते. चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे, १८० सेंटीमीटर पन्ह्याचे कापड घेतले तर एक किलोत ते तीन मीटरपेक्षा थोडे जास्त भरते, आणि ३६ छातीचे अर्ध्या बाहीचे चार टॉप त्यात बसतात. एक कटिंग अनेक टॉपना चालते याचा फायदा इथे दिसतो: कापडावर मांडणी एकदा ठरली की पुढच्या वेळी कात्रणे कुठे पडणार हे आधीच ठाऊक असते, आणि त्या कात्रणांत गळ्याच्या पट्ट्या किंवा बाळाचे झबले निघते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ते मिळवणाऱ्या बाईने पहिल्याच झटक्यात ओव्हरलॉक घ्यावे, असे कोणी सुचवले तर ते घाईचे ठरेल. झिगझॅग टाका असलेले मशीन ब्लाउज, पिको आणि होजिअरी या तिन्ही कामांना येते. महिन्याला पन्नास टी-शर्टचे काम येऊ लागले की ओव्हरलॉक घ्यावे. तेव्हा ते वेळ वाचवते आणि शिवण सुबक दिसते, यात वाद नाही.

एकाच कटिंगच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका बाईच्या मापाचे कटिंग दुसरीला जसेच्या तसे चालत नाही. छाती दोन इंचांनी वाढली की पाव भाग अर्ध्या इंचाने वाढतो, मुंढा आणि गळा मात्र फार थोडे वाढतात, म्हणून नुसते सगळीकडून मोठे करून चालत नाही. उभार मोठा असलेल्या बाईला पुढचा भाग कडेने अर्धा ते एक इंच लांब ठेवून तो जादा भाग छातीच्या रेषेत छोट्या टकमध्ये किंवा हलक्या चुण्यांत घ्यावा लागतो; ताणणाऱ्या कापडाने सगळेच भागते, हे काही वर्गांत सांगितले जाणारे विधान खरे नाही. खूप ताणणाऱ्या जाड लायक्राला मूळ कटिंगच वेगळे, अंगापेक्षा लहान मापाचे करावे लागते. आणि सुती होजिअरी कापण्याआधी धुऊन वाळवलीच पाहिजे, कारण ती उंचीत ५ टक्के किंवा त्याहून अधिक आटते; २४ इंचांचा टॉप पहिल्या धुण्यात सव्वा इंच वर जातो. धुतलेले कापड सावलीत सपाट पसरून वाळवावे, दोरीवर टांगू नये, आणि कापताना ते टेबलाखाली लोंबू देऊ नये. लोंबलेले कापड आपल्याच वजनाने ताणले जाते आणि कापून झाल्यावर कटिंगपेक्षा लहान भरते.